सोलरची वर्गणी मालकाची की भाडेकरूची? आणि मग बाकीचा खर्च कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा. धायरीत भाड्याने राहणाऱ्या एका ताईंच्या सोसायटीने टेरेसवर २० किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरवलंय, ७२ फ्लॅट आहेत, प्रत्येकी ९ हजार वर्गणी आलीय आणि घरमालक म्हणतोय लिफ्ट तुम्ही वापरता, पाणी तुम्ही वापरता, मग पैसे तुम्हीच भरा. त्याला जोडून त्यांनी मोठा प्रश्न विचारलाय की कोळसा सोडून सूर्याकडे, पेट्रोल सोडून बॅटरीकडे जायचं जे सगळं चाललंय त्याचा खर्च शेवटी कुणी उचलायचा, सरकारने, कारखान्यांनी, अमेरिकेने का आमच्यासारख्यांनी, कारण बिल तर आमचंच वाढतंय. मिस्टर भोसरीत वर्कशॉपला आहेत असंही लिहिलंय, ते पुढे लागेल.

मी इलेक्ट्रिकल इंजिनियर, ३१ वर्षं झाली या धंद्यात, निम्मी वर्षं भोसरी-चाकणच्या कारखान्यांचं एनर्जी ऑडिट करण्यात गेली आणि नंतर सोसायट्यांच्या सोलरमध्ये पडलो. त्यामुळे सोलर विकणाऱ्याच्या बाजूचा माणूस आहे हे आधीच सांगतो, मग पुढचं वाचा.

छोटा प्रश्न आधी. २० किलोवॅट, आजच्या भावाने किलोवॅटला ५० हजार धरा, १० लाख झाले. केंद्राच्या छतावरच्या सोलरसाठीच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटला १८ हजार सबसिडी आहे, म्हणजे ३ लाख ६० हजार गेले, राहिले ६ लाख ४० हजार, भागिले ७२, आले ८,८८९. म्हणजे ९ हजाराचा आकडा बरोबर आहे, कमिटीने काही खाल्लेलं दिसत नाही (हे मुद्दाम सांगतो कारण सगळ्यात आधी तोच संशय येतो). आता फायदा बघा. पुण्यात एक किलोवॅट महिन्याला सरासरी १२० युनिट देतो, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलला जास्त, म्हणजे २० किलोवॅटला २,४०० युनिट. कॉमन मीटरचा वापर वरच्या स्लॅबमध्ये, म्हणजे महागड्या दराच्या टप्प्यात असतो, तरी मी युनिटला १२ रुपयेच धरतो, कमी धरलेलं बरं. २८,८०० रुपये महिन्याला वाचले, फ्लॅटमागे ४०० रुपये. म्हणजे ९ हजार फिटायला साधारण साडेबावीस महिने.

आणि तुमचा करार अकरा महिन्यांचा! अकरा महिन्यांत तुमच्या वाट्याला फार तर ४,४०० येणार, तेही मेंटेनन्स तेवढा कमी केला तर, आणि मालकाने तो तुम्हाला दिला तर. पॅनेल चालणार २५ वर्षं. बाकीची चोवीस वर्षं फायदा मालकाचा, शिवाय उद्या फ्लॅट विकताना 'सोसायटीत सोलर आहे' म्हणून तो भाव सांगणार ते वेगळंच. त्यामुळे वर्गणी मालकाची, यात मला तरी काही दुमत दिसत नाही. वापर तुमचा हे त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण वापराचे पैसे तुम्ही मेंटेनन्समधून देताच आहात, हे भांडवल आहे, छतावरची मालमत्ता आहे, आणि ती त्याच्या नावावर राहणार आहे.

आता मोठा प्रश्न. गंमत म्हणजे तो हाच प्रश्न आहे, फक्त सोसायटी मोठी. कुणीतरी भांडवल घालतंय, कुणीतरी दर महिन्याला भरतंय, फायदा तिसऱ्याच्या नावावर जमा होतोय, आणि मीटिंगला हे तिघं एकत्र कधीच नसतात.

तुमचं बिल घ्या हातात. मागच्या बाजूला बघा, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि मग या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. लोक फक्त खालचा आकडा बघतात. स्थिर आकार म्हणजे तुम्ही एकही युनिट वापरलं नाही तरी द्यायचे पैसे. वहन आकार म्हणजे वायर, ट्रान्सफॉर्मर, सबस्टेशनचं भाडं, युनिटमागे. इंधन समायोजन म्हणजे कोळसा महागला, बाहेरून वीज घ्यावी लागली, तर तो फरक नंतर तुमच्याकडून. आणि वीज आकार स्लॅबप्रमाणे चढत जातो, पहिल्या शंभर युनिटचा दर आणि पाचशेच्या वरचा दर यात दुपटीहून जास्त फरक आहे. हे मुद्दाम केलेलं आहे, जास्त वापरणाऱ्याने आणि कारखान्याने-दुकानाने थोडं जास्त द्यायचं आणि त्यातून शेतीपंप आणि छोटं घर यांचा दर खाली ठेवायचा, याला क्रॉस सबसिडी म्हणतात. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलंय, कुरकुरत का होईना.

आता यात सोलर आलं की काय होतं ते बघा. कोथरूडमधला समजा एक बंगला, महिन्याला ४५० युनिट. त्याने २०२४ फेब्रुवारीत आलेल्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट बसवलं, केंद्राची सबसिडी ७८ हजार मिळाली. महिन्याला ३६० युनिट छतावर तयार झाले, बिलात उरले ९०. म्हणजे तो माणूस एका झटक्यात सगळ्यात खालच्या स्लॅबमध्ये, जो स्लॅब गरिबाच्या घरासाठी स्वस्त ठेवलेला आहे! त्याच्याकडून जो वरच्या दराचा पैसा यायचा तो बंद झाला, पण त्याच्या दारातला खांब, ट्रान्सफॉर्मर, रात्री त्याच्या एसीसाठी चालू ठेवलेलं कोळशाचं स्टेशन, हे सगळं तसंच आहे. दुपारी तो वीज ग्रिडमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक तारांत सोडतो जेव्हा तिची फारशी कुणाला गरज नसते, संध्याकाळी सात वाजता परत घेतो जेव्हा ती सगळ्यात महाग असते, आणि मीटर दोन्हीला सारखंच मोजतो. ग्रिड त्याची फुकटची बॅटरी झालीय.

मी स्वतः अशी शेकडो घरं करून दिलीत, तेव्हा त्या माणसाला चोर म्हणणार नाही. त्याने स्वतःचे लाखभर रुपये घातलेत, सरकारनेच सांगितलं बसवा म्हणून त्याने बसवलं. आणि खरं सांगायचं तर तुमचं बिल त्याच्यामुळे वाढलंय असंही नाही, आज तरी त्याचा वाटा बारीक आहे, मोठं कारण कोळसा, त्याची वाहतूक, वीजगळती आणि थकबाकी. पण दिशा बघा ना. ज्यांची ऐपत आहे ते एकेक करून छतावर चढणार आणि वायरचा खर्च खाली उरलेल्यांमध्ये वाटला जाणार, आणि खाली कोण उरणार तर भाडेकरू, चाळ, वस्ती, ताडीवाला रोडचं दहा बाय दहाचं घर. सबसिडी मिळायला छत पाहिजे, छत असायला घर पाहिजे, आणि घर असणारा पुण्यात कोण आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय.

वारज्याला एका सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी प्रेझेंटेशन द्यायला गेलो होतो, पहिल्या मजल्यावरचे एक काका उठले, म्हणाले मी लिफ्ट वापरत नाही, मी लिफ्टच्या सोलरला पैसे देणार नाही. त्यावर सातव्या मजल्यावरच्या मॅडम म्हणाल्या, मग पाण्याची मोटर आमच्यासाठी जास्त चालते म्हणून आमचं पाणी महाग करणार का. दीड तास गेला. शेवटी सेक्रेटरीने स्क्वेअर फुटावर वर्गणी लावली, मोठा फ्लॅट जास्त, छोटा कमी, आणि काकांसकट सगळ्यांनी भरली. त्या दिवशी माझ्या डोक्यात बसलं की लोकांना पैसे देण्यापेक्षा वाटणीची पद्धत समजली नाही की राग येतो.

आता 'आम्ही का द्यायचे' यावर एक गोष्ट सांगतो जी फार कमी लोकांना माहिती असते. तुम्ही हे पैसे ऑलरेडी दिलेले आहेत. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर सेस, म्हणजे एका खास कामासाठीचा कर लावला, टनाला ५० रुपये, नाव स्वच्छ ऊर्जा सेस, म्हणजे कोळसा जाळणाऱ्याकडून घेऊन सोलर-पवनला द्यायचे. मग १०० झाला, २०० झाला, २०१६ मध्ये ४००. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो, ४०० रुपये टनाने ते होतात २८ पैसे. कोळशाच्या प्रत्येक युनिटमागे २८ पैसे, तुमच्या आमच्या सगळ्यांच्या बिलात मुरलेले, कुठेही वेगळे छापलेले नाहीत. त्यासाठी काढलेल्या फंडातला बराच पैसा वापरलाच गेला नाही, आणि २०१७ ला जीएसटी आल्यावर तोच सेस राज्यांना जीएसटीची भरपाई द्यायला वळवला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो सेस गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. म्हणजे पैसा स्वच्छ विजेच्या नावाने गोळा झाला, आणि गेला दुसरीकडेच. त्यामुळे कुणी 'नवीन ग्रीन टॅक्स लावू या' म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, मागच्याचं काय केलं.

जर्मनीत हाच प्रयोग उघडपणे झाला. २००० साली त्यांनी कायदा केला की सोलर-पवन बसवणाऱ्याला वीस वर्षं ठरलेला भाव मिळेल, आणि तो भाव द्यायला प्रत्येक बिलावर सरचार्ज. तो वाढत वाढत २०१७ ला युनिटमागे ६.८८ सेंटपर्यंत गेला. मोठ्या वीजखाऊ कारखान्यांना सवलत दिली, नाहीतर ते देश सोडतील अशी भीती, म्हणजे बोजा घरांवर आणि छोट्या दुकानांवर, त्यात भाडेकरू आले, आणि सरचार्जमधून भाव कुणाला मिळाला तर ज्याच्याकडे स्वतःचं छत किंवा शेत होतं त्याला. शेवटी जुलै २०२२ मध्ये त्यांनी सरचार्ज शून्य केला आणि खर्च सरळ सरकारी बजेटमध्ये घेतला. पण त्या मधल्या वीस वर्षांत एवढी पॅनेलं विकली गेली, चीनमध्ये एवढे कारखाने उभे राहिले की भाव कोसळला. आपल्याकडे २०१७ ला राजस्थानात भडला इथल्या सोलर पार्कसाठी युनिटमागे २ रुपये ४४ पैशाची बोली लागली तेव्हा सगळे चकित झाले होते. तर ताई, तुमच्या धायरीच्या टेरेसवर जे पॅनेल किलोवॅटला पन्नास हजाराने लागतंय ना, त्यात बर्लिनच्या कुठल्यातरी भाडेकरू बाईच्या बिलाचे पैसे आहेत. तिला कुणी विचारलं नव्हतं.

बिलात दिसतो तो खर्च तरी दिसतो. न दिसणारा वेगळाच आहे, आणि पुण्याच्या माणसाने हे दुसऱ्या कुणाकडून शिकायची गरज नाही. मुळशी. एप्रिल १९२१ मध्ये सेनापती बापटांनी जो सत्याग्रह केला तो कशाविरुद्ध, तर टाटांच्या धरणाविरुद्ध, आणि धरण कशासाठी तर वीज करायला, मुंबईच्या गिरण्यांना. आजच्या भाषेत शुद्ध लो-कार्बन वीज! धूर नाही, कोळसा नाही. पाणी पुण्याकडे येत नाही, घाटाखाली भिऱ्याला जातं, तिथे वीज होते. आणि बुडाली मावळ्यांची भातखाचरं. त्यातही एक बारकावा आहे, बऱ्याच जमिनींवर पुण्यातल्या सावकारांचे कागद होते, त्यांना मोबदला चांगला मिळाला की प्रश्न मिटत होता, कसणाऱ्याचा मिटत नव्हता. मालक आणि भाडेकरू, शंभर वर्षांपूर्वी, तुमच्या धायरीपासून तीसेक किलोमीटरवर. कोयनेचं तेच, १९६० मेगावॅट आपण अभिमानाने सांगतो आणि त्या धरणग्रस्तांच्या मुला-नातवांचे मोर्चे अजून निघतात.

आता तेच सोलरमध्ये नको व्हायला. शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, चांगली योजना आहे हे मी स्वतः म्हणतो, युनिट तीन रुपयांच्या आसपास पडतं, शेतकऱ्याला रात्री साप-विंचवात पाणी धरायला जावं लागत नाही, आणि शेतीची वीज स्वस्त पडली की कारखान्यावरचा क्रॉस सबसिडीचा बोजाही हलका होतो. ज्याची खाजगी जमीन घेतात त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं मिळतं. पण जिथे गावाच्या गायरानावर पॅनेल लागतात, तिथे मेंढरं चारणाऱ्याला काय? त्याच्या नावावर सातबारा नाही म्हणजे त्याचं नुकसान कुठल्याच कागदावर नाही. हा पण या बदलाचाच खर्च आहे, फक्त तो युनिटमध्ये मोजला जात नाही म्हणून आपण वीज तीन रुपयाला पडली म्हणतो.

दुसरा न दिसणारा खर्च, तुम्ही कधी लोणावळा लोकलने गेला असाल. पास एवढा स्वस्त का? रेल्वे मालवाहतुकीचा, त्यातही कोळशाचा, दर चढा ठेवते आणि त्यातून प्रवासी भाडं खाली ठेवते. रेल्वेच्या मालात वजनाने जवळजवळ निम्मा कोळसा असतो. उद्या कोळसा खरंच कमी झाला, तर तळेगावहून शिवाजीनगरला येणाऱ्या माणसाचा पास कोण भरणार? याचं उत्तर आज कुणीच काढून ठेवलेलं नाही. चंद्रपूरचं तर बोलायलाच नको, २९२० मेगावॅटचं कोळशाचं वीज केंद्र, वर्षानुवर्षं तिथल्या लोकांनी राख आणि धूर खाल्ला आणि आपण इथे फॅनखाली बसलो, आता अशी वीज केंद्रं जुनी झाली म्हणून बंद करायची वेळ आली की तिथल्या कंत्राटी कामगाराची नोकरी जाणार. दोन्ही वेळेला किंमत त्यांचीच.

आता भोसरी. तुमच्या मिस्टरांना विचारा, त्यांच्या लाइनमध्ये युरोपच्या कार्बन टॅक्सची (बाहेरून येणारा माल बनवताना जेवढा कार्बन हवेत गेला त्यावरचा आकार) चर्चा आहे का ते. ऑक्टोबर २०२३ पासून नुसता रिपोर्ट द्यायचा होता, १ जानेवारी २०२६ पासूनच्या मालावर खरा टॅक्स लागू झाला, लोखंड, स्टील, ॲल्युमिनियम, सिमेंट असं सगळं, आणि त्यात नट-बोल्ट पण आहेत. माझ्याकडे एका बोल्टवाल्याचा फोन आला, चाळीस कामगारांचं वर्कशॉप, त्याच्या गिऱ्हाइकाने एक एक्सेल शीट पाठवली होती, टनामागे किती किलो कार्बन, वीज कुठून, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला गॅस का वीज. त्याच्याकडे इंग्रजी पत्र लिहिणारा एक अकाउंटंट, तो म्हणाला साहेब मला हे झेपणार नाही. आम्ही दोन रविवार बसलो आणि भरली. टॅक्स भरतो तिकडचा आयातदार, पण भाव इकडे पाडून मागतो, म्हणजे जातो कुणाच्या खिशातून ते कळलं असेलच.

मग त्याने मला विचारलं वीज कशी कमी करू. पूर्वी कारखान्याला रात्रीची वीज स्वस्त होती, आता सवलत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, सोलर भरपूर असतं तेव्हा. मी म्हटलं भट्टी दिवसा घ्या. घेतली, बिल बऱ्यापैकी खाली आलं, मला पेढे आले. महिन्याभराने तिथलाच एक ऑपरेटर भेटला, म्हणाला साहेब तुमच्यामुळे आमचा नाइट अलाउन्स गेला. मला खरंच सुचलंच नव्हतं. बचत मालकाला, सल्ल्याची फी मला, आणि त्या पोराच्या पगारातून दर महिन्याला काही रुपये गेले. मी मालकाला सांगितलं, बचतीतला थोडा भाग वर्षभर तरी पगारात टाका, त्याने दिवाळीला काहीतरी दिलं, पूर्ण नाही. पण हा प्रश्न माझ्या ऑडिट रिपोर्टमध्ये तेव्हापासून एक ओळ म्हणून असतो.

अमेरिकेचं राहिलं. हो, त्यांनी जास्त धूर केलाय, आजही माणशी वर्षाला १४ टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, आपण २ टनाच्या आसपास, जगाची सरासरी पावणेपाच. १९९२ ला रिओच्या पर्यावरण परिषदेत सगळ्या देशांनी मान्य केलं की जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देश म्हणाले २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ, तो आकडा गाठला २०२२ ला, तोही त्यांच्याच हिशेबाने, आणि त्यात बराच भाग कर्ज. कर्ज म्हणजे खर्च उचलणं नव्हे, बँकवाल्याला विचारा. २०२४ ला बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जचं ठरलंय. आपण भांडून घ्यायलाच पाहिजे, पण माझा एक त्रास आहे, हे '२ टन' सरासरी आहेत. त्यात कोरेगाव पार्कातला तीन एसी, दोन गाड्यांचा फ्लॅट पण आहे आणि तुमचं धायरीचं वन बीएचके पण आहे, आणि पहिल्याने दुसऱ्याच्या सरासरीमागे लपून अमेरिकेकडे बोट दाखवायचं हे काय बरोबर नाही. जे आपण जगाला सांगतो ते आपल्या गावातही लागू करायला नको का?

तर माझं मत विचाराल तर, ग्रिड सुधारणं, साठवणूक, बॅटऱ्या, मावळात शिरवत्यासारख्या ठिकाणी दुपारचं पाणी वर चढवून संध्याकाळी सोडायचे जे प्रकल्प ठरतायत ते, हा सगळा खर्च युनिटच्या दरात नको. युनिटचा दर वाढला की कमी कमावणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतं, कारण त्याच्या पगारात बिलाचा वाटा मोठा असतो. तो बजेटमध्ये घ्या, टॅक्समधून. लगेच कुणीतरी म्हणेल टॅक्स काय फक्त श्रीमंत भरतात का, जीएसटी काडेपेटीवर पण आहे. बरोबर आहे, म्हणून मी इन्कम टॅक्स म्हणतोय, आणि बजेटमध्ये निदान लोकसभेत-विधानसभेत कुणी प्रश्न विचारू शकतो, बिलात मुरलेल्या त्या कोळशाच्या सेसबद्दल पंधरा वर्षांत तुम्ही कुणी विचारलेलं ऐकलंत? दुसरं, सोलर घराने वायरचं भाडं द्यावं, अगदी माझ्या गिऱ्हाइकांनीसुद्धा, पण ते वापरलेल्या लोडप्रमाणे (एका वेळी किती वीज ओढता त्याप्रमाणे) असावं आणि आधी बसवलेल्यांच्या हिशेबात मागून बदल करू नये, नाहीतर उद्या सरकारच्या शब्दावर कोणी पैसे घालणार नाही. माझे धंद्यातले मित्र यावर माझ्याशी भांडतात. भांडू देत. आणि तिसरं, ज्याला छत नाही त्याला दुसऱ्याच्या छतात वाटा मिळावा. दिल्लीच्या वीज आयोगाने २०१९ मध्येच अशी सोय काढली, पॅनेल एकीकडे, युनिट अनेकांच्या बिलात वाटून. माणूस घर बदलेल तसे त्याचे युनिट त्याच्याबरोबर जायला हवेत, भाडेकरूला त्याशिवाय काही अर्थ नाही.

परत तुमच्याकडे येतो. मालकाशी भांडू नका, कागद घेऊन जा. ८,८८९ चा हिशेब वर दिलाय तोच दाखवा आणि म्हणा, वर्गणी तुमची, पण मेंटेनन्स कमी झाला की तो मला पहिल्या महिन्यापासून कमी लावा. नाहीच ऐकलं तर मधला मार्ग, तुम्ही महिन्याला २०० रुपये जास्त द्या, जेवढे महिने राहाल तेवढेच, आणि ते करारात लिहून घ्या. म्हणजे ४०० च्या बचतीतले अर्धे त्याचे, अर्धे तुमचे. दोन वर्षांपूर्वी सिंहगड रोडलाच एका जोडप्याने असं केलं होतं, मालक आधी हसला, मग सही केली.

आणि एक अगदी वेगळं, पण कमिटीला नक्की सांगा. व्हेंडर सकाळी येऊन टेरेस बघून जाईल, त्याला डिसेंबरमध्ये दुपारी चार वाजता परत बोलवा, तोपर्यंत ऑर्डर देऊ नका. सूर्य तेव्हा खाली असतो आणि पाण्याच्या टाकीची सावली लांब पडते. २०१६ ला मी स्वतः ही चूक केली, मे महिन्यात माप घेतलं, सावली टाकीच्या पायाशीच होती, हिवाळ्यात सहा पॅनेलं तीन वाजताच अंधारात. स्ट्रक्चर उचलून दुसऱ्या बाजूला न्यायला ३८ हजार लागले, आणि ते मी भरले.